कळसूची अट

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘रानातली सहल : नियोजन’ हा विषय पाहून काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. सकाळी पोटगीच्या दाव्यांवर चर्चा झाली, जेवणानंतर रेशनकार्डांचा प्रश्न आहे, आणि मध्येच ही सहल कुठून आली? मी समाजकार्याचे शिक्षण घेत होते तेव्हा आम्हाला आरोग्य, कुपोषण, हिंसाचार, कर्जबाजारीपणा सगळे शिकवले. बाईच्या विश्रांतीवर एक तासही झाला नाही. त्यामुळे मलाही हा विषय बरीच वर्षे सुचला नव्हता. तो सुचवला आपल्या गटातल्या एका घरकामगार मैत्रिणीने. पाच घरची धुणीभांडी करून ती बैठकीला येते. एकदा सहज विचारले, “चार दिवस सुट्टी मिळाली तर काय करशील?” ती म्हणाली, “ताई, सुट्टी मिळाली तर घरचं साठलेलं काम काढीन.”

सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले बिनमोल काम करणाऱ्या बायकांचे त्यात रोजचे सरासरी २९९ मिनिटे जातात असे दिसले, म्हणजे जवळजवळ पाच तास. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची मिनिटे होती ९७. मुलांना आणि आजाऱ्यांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. या पाच तासांना रविवार नसतो, दिवाळी तर नसतेच नसते.

आपल्या आज्या-पणज्या घराबाहेर पडत नव्हत्या असे नाही. त्या वारीला गेल्या, जत्रेला गेल्या, नागपंचमीला माहेरी गेल्या. पण बाहेर पडायला देवाचे नाहीतर माहेरचे निमित्त लागायचे. “मला चालावेसे वाटते, झाडे बघावीशी वाटतात, म्हणून मी जाते,” असे म्हणायची सोय नव्हती. आजही फारशी नाही. म्हणून मी आज ज्या सहलीबद्दल बोलणार आहे तिला देवदर्शनाचे निमित्त लावणार नाही. गंमत अशी की आपण जाणार आहोत ते मात्र एका देवीच्याच डोंगरावर.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. तिची एक गोष्ट १८८४ च्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्यांची मुलगी. तिला रानात भटकायची आवड. फिरत फिरत ती या डोंगराच्या पायथ्याशी आली आणि इंदोर गावातल्या एका कोळी कुटुंबात कामाला राहिली. राहताना तिने अट घातली, मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस सुरळीत गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितले. तिने सांगितलेले काम केले. ते झाल्यावर ती सरळ डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत वरच राहिली.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हातातले पुस्तक तसेच धरून बसले होते. आपण जिला नवरात्रात ओटी भरतो, ती भांडी घासायला लावली म्हणून घर सोडून गेलेली बाई आहे! तिला आपण देवी केले, आणि तिची अट मात्र विसरलो.

आता आमच्या आधीच्या दोन सहलींबद्दल सांगते, कारण नियोजन त्या चुकांमधूनच शिकलो.

पहिल्या सहलीला आम्ही पैसे वाचवायचे म्हणून एका थंड हवेच्या ठिकाणी बंगला घेतला आणि बरोबर स्टोव्ह, पिठे, मसाले नेले. सोळाजणी होतो. सकाळी पोहे, दुपारी पोळ्या, चार वाजता भजी, रात्री पिठलंभात. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की समोरची टेकडी आम्ही खिडकीतूनच पाहिली. घरी चौघांचा स्वयंपाक करायचा तो तिथे सोळाजणींचा केला. परतताना एक जण म्हणाली, “माझ्या घरी निदान मिक्सर आहे.”

दुसऱ्या वेळी ठरवले, कोणीही पळी हातात धरायची नाही. कळसूबाईच्या पायथ्याच्या एका वाडीत, एका महादेव कोळी कुटुंबाकडे उतरलो. एप्रिल महिना होता. पहाटे निघालो, शिड्या चढून माथ्यावर गेलो. वरच्या छोट्या देवळाशेजारी वाऱ्यात तासभर नुसत्या बसून राहिलो. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते. कोणी फार बोलत नव्हते. मघाशी सांगितलेली आमची घरकामगार मैत्रीण म्हणाली, “सकाळपासून मला कुणी हाक मारली नाही.” आम्हाला वाटले, जमली सहल.

त्या रात्री अकराच्या सुमारास मला जाग आली. बाहेर भांड्यांचा आवाज येत होता. पडवीत आमची घरमालकीण आणि तिची सून राखेने सोळा ताटे घासत बसल्या होत्या. चौकशी केली तेव्हा हळूहळू सगळे कळले. पहाटे चार वाजता उठून त्यांनी आमच्या भाकरी थापल्या होत्या. आम्ही उतरून आल्यावर धूळ गेली पाहिजे म्हणून सोळाजणींनी ऊन पाण्याने आंघोळी केल्या, ते पाणी या दोघींनी विहिरीवरून हंड्याने आणले होते. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेलेली असते. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. ते पाणी कालव्यांनी खाली उसापर्यंत जाते, वरच्या वाड्यांतल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा अजून उतरलेला नाही. आणि त्या हंड्यातले पाणी आम्ही अंगावर ओतून घेतले.

मी तिच्याबरोबर भांडी विसळायला बसले तर ती हसून म्हणाली, “तुम्ही राहू द्या बाई. तुम्ही सुट्टीवर आलात ना?” दुसऱ्या दिवशी हिशेब झाला. पैसे तिच्या मुलाने मोजून घेतले. तुमच्या हातात किती येतात, असे मी तिला हळूच विचारले. “घरातच आहेत की,” ती म्हणाली.

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. समुपदेशन केंद्रात रोज ऐकतो. आमची अट पाळली गेली, पण ती पाळण्यासाठी आमची भांडी दुसऱ्या बाईच्या पुढ्यात गेली. मग मी विचार केला, आपण यापुढे जाऊच नये का? पण त्याने तिचे काय भले होणार? पाहुणे आले नाहीत तर तिच्या घरात येणारा रोख पैसाही बंद होईल. तेव्हा जायचे, पण नीट ठरवून जायचे. ते ‘नीट’ म्हणजे काय, हे आज आपल्यासमोर ठेवते.

पहिला प्रश्न, कोणाला येता येईल. आपल्या गटात शिक्षिका आहेत, बँकेतल्या आहेत, त्यांची रजा पगारी असते. घरकामगार मैत्रिणींचा चार दिवसांचा पगार कापला जातो, कधीकधी कामच जाते. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आणि कल्याणाच्या योजना आहेत, आठवड्याच्या सुट्टीचा हक्क नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती सांगितली आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा. ज्यांना पगारी रजा आहे त्यांनी एका दिवसाचा पगार सहलीच्या सामाईक निधीत घालावा. जिची मजुरी बुडते तिला त्यातून भरपाई द्यावी. ही मदत नाही, सहलीचाच खर्च आहे, जसे बसचे तिकीट. शिवाय आपल्यापैकी ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्यांनी तिला त्याच चार दिवसांची पगारी सुट्टी द्यावी. निदान तेवढे आपल्या हातात आहे.

बाकीच्या खर्चासाठी दरमहा २०० रुपये बाजूला टाकले तर दहा महिन्यांत २००० होतात. मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.ला स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, त्याचा फायदा घ्यावा. आपण पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला जाऊ. शेंडी म्हणजे भंडारदऱ्याचे गाव, तिथून बारी जवळ. मुंबईच्या मैत्रिणी कसारा-इगतपुरीपर्यंत रेल्वेने येऊन घोटीमार्गे बारीला येतील.

दुसरा प्रश्न, कधी जायचे. अनेकींनी काजव्यांबद्दल विचारले. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस सुरू होण्याच्या तोंडाशी, भंडारदऱ्याच्या रानात हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ या झाडांवर लाखो काजवे एका लयीत लुकलुकतात. पण हा उजेड म्हणजे त्यांची जोडीदाराला घातलेली साद असते. वर्षाचा बहुतेक काळ ते अळीच्या रूपात मातीत काढतात, आणि पंख फुटल्यावर हाती थोडे दिवस असतात. नेमक्या त्याच दिवसांत आपण शेकडो गाड्यांचे दिवे आणि मोबाईलचे झोत घेऊन त्यांच्यामध्ये उभे राहतो. त्या गर्दीत आपण भर घालू नये असे मला वाटते. पावसाळ्यात शिड्या निसरड्या होतात, धुक्यात वाट सापडत नाही. नवरात्रात जत्रा असते. उन्हाळ्यात पाणी नसते, हे आम्ही पाहिलेच. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीचे चार दिवस, तेही शनिवार-रविवार सोडून. विहिरींना पाणी असते, भात कापून झालेला असतो, त्यामुळे घरमालकिणीलाही शेतावर जायची घाई नसते.

तिसरा, कुठे राहायचे. धरणाकाठी तंबू आहेत, पण तिथे रात्री मोठ्याने गाणी लावतात. पर्यटन महामंडळाचे निवासही आहे, ज्यांना गुडघ्यांमुळे पलंग आणि कमोड लागतो त्यांच्यासाठी तो पर्याय खुला ठेवू. गडावरच्या गुहांत राहण्याचे अनेकींच्या मनात आहे. रतनगडावर, हरिश्चंद्रगडावर मोठ्या गुहा आहेत. पण मुक्कामाला परवानगी आहे का, हे वन विभागाकडे आधी विचारल्याशिवाय कोणी तसे ठरवू नये. माझा आग्रह वाडीतल्या घरांचा आहे. शेणाने सारवलेली जमीन, चुलीची ऊब, पहाटे कोंबड्याची बांग. दोन रात्री बारी, एक रात्र रतनवाडी.

पण या वेळी सोळाजणींनी एकाच घरात उतरायचे नाही. चार घरांत चार-चारजणी. आधी आपल्यापैकी दोघींनी जाऊन त्या घरच्या बायकांशी बोलून यायचे, पुरुषांशी बोलणे झाले तरी बायकांशी वेगळे बोलायचे. दर त्यांना ठरवू द्यायचा आणि घासाघीस करायची नाही. पैसे तिच्या हातात किंवा तिच्या बचतगटाच्या खात्यात. जेवण त्यांच्या घरात रोज शिजते तेच, नागलीची भाकरी, भात, वरण, रानभाजी. ऐनवेळी चहाची फर्माईश नाही. आपले ताट आपण घासायचे. आंघोळ एक दिवसाआड, अर्ध्या बादलीत. आता कोणी म्हणेल, कळसूची अट मोडली की! पण कळसूला दुसऱ्याची भांडी घासायला लावली होती. स्वतःचे ताट घासण्याविरुद्ध तिची तक्रार असेल असे मला वाटत नाही.

चौथा, चालणे. कळसूबाई चढायला आपल्या गतीने तीन ते चार तास, उतरायला दोन ते तीन. खड्या कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. कठीण नाही, पण सवय हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. चढताना धाप लागते, ती नेहमी वयाने किंवा वजनाने लागते असे नाही. म्हणून प्रत्येकीने आधी रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सहलीच्या निमित्ताने एवढे झाले तरी पुष्कळ. ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी जमू. पायऱ्या १०३ आहेत. पहिल्या रविवारी एकदा, मग दोनदा, मग तीनदा. एकटीने टेकडीवर जायला भीती वाटते म्हणून कित्येकींचे चालणे बंद झाले आहे. सोळाजणी असल्या की तो प्रश्न राहत नाही.

पायात पकड असलेले बूट, अंगात सैल कपडे. साडी नेसूनच चालता येते म्हणणाऱ्यांनी साडी नेसावी, तिथल्या बायका नेसूनच चढतात. पाठीवर दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, विजेरी, शिट्टी. वाटेवर शौचालय नाही. दोघीदोघींनी आडोशाला जायचे, पाण्यापासून लांब, आणि मातीने झाकायचे. पाळी आली म्हणून कोणी मागे राहायचे नाही. देवळात जायचे की नाही हे जिने-तिने ठरवावे, डोंगर सगळ्यांचा आहे. पॅड मात्र कागदात गुंडाळून परत आणायचे, तिथे टाकायचे नाही.

पाचवा, प्राणी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ते १९८६ साली घोषित झाले. बिबट्या आहे, पण तो दिसेल या आशेने कोणी येऊ नये, आणि दिसेल या भीतीनेही थांबू नये. अंधार पडण्याआधी घरी, एकटीने रानात नाही, एवढे पाळले म्हणजे झाले. दिसला तर शेकरू दिसेल, आपला राज्यप्राणी. ही मोठी खार बहुतेक आयुष्य झाडांच्या शेंड्यावर काढते आणि पंधरा-वीस फुटांची उडी सहज मारते. ती एकेका भागात अनेक घरटी बांधते. रतनवाडीहून रतनगडाच्या वाटेवर दाट झाडी आहे, तिथे अर्धा तास गप्प बसायचे. गप्प बसणे आपल्याला जमत नाही असे पुरुष म्हणतात, त्यांना दाखवून देऊ. रतनवाडीला हजारेक वर्षांचे अमृतेश्वराचे कोरीव देऊळ आहे, शेजारी पुष्करणी आहे. ते संध्याकाळी पाहू.

परतताना अकोले तालुक्यातल्याच कोंभाळणे गावी जायचे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाता गावठी बियाणांची बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. भात, वाल, घेवडे यांची किती वाणे एका बाईच्या लक्षात राहू शकतात ते तिथे कळेल. आधी कळवून, त्यांच्या सोयीने जाऊ.

शेवटचा मुद्दा घरचा. मागच्या वेळी निघण्याआधी आमच्यातल्या एकीने चार दिवसांच्या भाज्या करून ठेवल्या, पोळ्या लाटून ठेवल्या, मुलांचे कपडे दिवसवार लावून ठेवले, आणि बसमध्ये बसली ती तापाने फणफणून. या वेळी हे करायचे नाही. घरात चार दिवस कोण काय करणार, याची यादी नवऱ्याने आणि मुलांनी स्वतः करायची, ती आपण तपासायची नाही. भात करपेल, करपू द्या. ज्यांच्या घरी साधे विचारले तरी मारहाण होते अशा मैत्रिणी आपल्यात आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी एकटीने घरी विषय काढू नये. आधी आम्हाला भेटावे. कोणी कसे बोलायचे ते मिळून ठरवू. आणि एखादीला या खेपेला येता आले नाही तर तिचे पैसे पुढच्या खेपेसाठी तसेच राहतील.

कळसू वर गेली ती एकटी. तिची अट ऐकून घेणारे त्या घरात कोणी नव्हते, आणि परत यायचे तर ते त्याच भांड्यांपाशी. म्हणून ती आली नाही. आपण चार दिवसांनी परत येणार आहोत, याच घरांत, याच नळावर. तेव्हा आपली अट जाण्याआधीच, खाली असतानाच घालून ठेवायला हवी. ती घरी सांगायची, मालकिणीला सांगायची, आणि जिच्या पडवीत आपण झोपणार तिची अट काय आहे, तेही विचारायचे. मागच्या वेळी तेवढेच विचारायचे राहून गेले.

दाराशी वही ठेवली आहे. नाव लिहा, गुडघ्याचे दुखणे असेल तर तेही लिहा, आणि किती दिवसांची मजुरी बुडेल ते संकोच न करता लिहा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी भेटू. चहा वर गेल्यावर, आणि तो विकत घेऊन.